‘अजून?’

अपघातात मोडलेला माझा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. त्या काळात ‘अजून कसा बरा झाला नाही?’ असे मला कोणीही विचारले नाही. पुढे कित्येक महिने मात्र करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला की तळहातांना घाम फुटे, कानांत दडे बसत आणि मी जवळच्या भिंतीला टेकून उभी राहत असे. तेव्हा जिवाभावाच्या माणसांनीच ‘अजून तेच धरून बसली आहेस?’ असे म्हणायला सुरुवात केली.

मी काहीही धरून बसले नव्हते. साध्या आठवणीत घडून गेल्याची जाणीव असते. आघातोत्तर तणाव विकारात, म्हणजे पीटीएसडीमध्ये, शरीर ती घटना या क्षणी घडत असल्यासारखे वागते. लक्षणे महिनाभराहून अधिक काळ टिकली तरच हे निदान होते, म्हणजे ‘अजून’ हेच या आजाराचे स्वरूप आहे. ‘तुझा भाऊही त्याच गाडीत होता, त्याला कुठे काय झालं?’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले. आघातानंतर बहुतेक माणसे सावरतात, हे खरेच आहे. पण त्यामुळे न सावरलेला माणूस दुबळा ठरत नाही.

न सावरलेला माणूस दुबळाच, ही समजूत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात, लढाईच्या धक्क्याने कोलमडलेल्या सैनिकांच्या अवस्थेसाठी, ‘शेल शॉक’ हा शब्द 1915 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आला होता, तरीही पळून जाणे किंवा भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही जण मनाने कोलमडलेले असावेत, असे आज मानले जाते. त्यांना माफी मिळाली ती 2006 मध्ये. पीटीएसडी हे नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत आले तेही 1980 साली.

उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो, मला आला. पण त्यासाठी जाताना रजेच्या अर्जावर मी वर्षभर ‘दातांचे काम’ असेच लिहीत राहिले. गेल्या महिन्यात पहिल्यांदा खरे कारण लिहिले. दुसऱ्या दिवशी एक ज्येष्ठ सहकारी माझ्या टेबलाशी आले, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘मीही जातो. पण कोणाला सांगू नका.’’