मेलबर्नमध्ये परके, घोडबंदरला मालक

ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून परदेशी नागरिकांना आधीच बांधलेली घरं विकत घ्यायला बंदी केली. तेव्हा जाहीर केलेली मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत. तात्पुरत्या व्हिसावरचे माझ्यासारखेही त्यात आले. घरं कमी पडतायत, आधी इथल्यांना मिळू देत, असं सरळ कारण. मेलबर्नच्या आमच्या मराठी गोतावळ्यात त्यावर भरपूर कुरकुर झाली. टॅक्स आम्ही भरायचा आणि घर घ्यायची वेळ आली की आम्ही परके!

गंमत म्हणजे कुरकुर करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा ठाण्यात फ्लॅट आहे. कोलशेत, बाळकुम, वाघबीळ, सगळे घोडबंदर रोडच्या आसपासचे भाग. माझाही आहे, कासारवडवलीला, भाड्याने दिलेला. बाकीच्यांचे बहुतेक कुलूपबंद. आपल्याकडे एनआरआयला शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, फ्लॅट मात्र हवे तेवढे घ्या.

मध्यंतरी इथल्या एका हॉलमध्ये भारतातल्या प्रॉपर्टीचं प्रदर्शन होतं. काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल, खाली स्पंजची झाडं, निळा चकचकीत स्विमिंग पूल, बोटाच्या पेराएवढी माणसं. घोडबंदर रोड म्हणून कडेला राखाडी पट्टी आणि तिच्यावर खेळण्यातल्या दोन गाड्या. गायमुखच्या चढावर बंद पडलेला कंटेनर अर्थातच नव्हता. "सर, येऊरच्या डोंगराचा व्ह्यू आहे," सेल्सचा मुलगा म्हणाला. पुढचा टॉवर झाल्यावर हा व्ह्यू कुठे जाणार, असं विचारलं तर म्हणाला, "तोही आमचाच प्रोजेक्ट आहे सर, त्यात बुक करा." पाण्याचं काय? "टँकरची सोय आहे ना!"

ठाण्याचे सगळे टॉवर आपल्याच डॉलरवर उभे राहिले, असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं. मुंबईत घर न परवडलेले लोक, बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी, डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली, जादा बांधकामाला वाट देणारी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, हे सगळं आहेच. पण परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात पहिला, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत दिसलं. तो सगळा सिमेंटमध्ये जात नाही, मान्य. तरी बिल्डर विमानाचं तिकीट काढून इथे स्टॉल मांडतो, तो काही कांगारू बघायला नाही. जो तिथे राहणारच नाही, त्याला रस्ता, शाळा, पाणी यांचं सोयरसुतक नसतं. भाव वाढला की झालं. माझा चुलत भाऊ जन्मापासून नौपाड्यातला. लग्नानंतर घर घ्यायला बदलापूर गाठावं लागलं. पगार ठाण्यातला, भाव मात्र परदेशी कमाईला परवडणारा.

नवी मुंबईत तर हे सरकारी शिक्क्यानिशी झालं. शहर वसवायला सिडको या सरकारी महामंडळाने १९७० पासून पंच्याण्णव गावांची जमीन घेतली. योग्य मोबदल्यासाठी १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण गेले. त्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देणारी योजना आली. त्याच सिडकोने पुढे सीवूड्सला अनिवासी भारतीयांसाठी वसाहत बांधली. आजही रिक्षावाल्याला 'एनआरआय कॉम्प्लेक्स' एवढं सांगितलं की पुरतं.

आता माणसांबद्दल. ३१ ऑगस्ट २०२५ ला ऑस्ट्रेलियाच्या शहरांत स्थलांतराविरोधात मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर तेच: आज सिटीत जाऊ नका, मुलांना घरीच ठेवा. काहींना रडू आलं, आणि ते खरं होतं. याच ग्रुपवर त्याच वर्षी जानेवारीत काय चाललं होतं? मुंबईत एका अभिनेत्यावर हल्ला झाला, संशयित घोडबंदर रोडवरच्या बांधकाम मजुरांच्या लेबर कॅम्पजवळ सापडला, तो बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं. लगेच सुरू: सगळे कॅम्प उठवा, या लोकांनी ठाण्याची वाट लावली.

या लोकांनी? ते पत्र्याच्या खोल्यांत राहून आपल्याच फ्लॅटचे स्लॅब टाकतात. जून २०२५ मध्ये मीरा रोडला पकडलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला थेट बांगलादेशात ढकललं गेलं. तो भारतीय निघाला, परत आणावं लागलं. ही बातमी आमच्या ग्रुपवर कुणी टाकली नाही. मी टाकली, तर एका काकांचा अंगठा आला आणि विषय संपला. शहर फुगलं ते विकत घेणाऱ्यामुळे, बोल मात्र बांधणाऱ्याला. घुसखोराला कायद्याने परत पाठवायला कुणाची ना नाही. पण टँकर बिगाऱ्यामुळे लागतो, हे मला कुणी पटवून दाखवावं.

टँकरवरून आठवलं. आमच्या सोसायटीत सध्या त्याचाच खर्च कसा वाटायचा यावर जुंपली आहे. कमिटीचं म्हणणं, प्रत्येक फ्लॅटने सारखा द्या. कुलूपबंद फ्लॅटवाले सिडनी, दुबई, न्यू जर्सीहून लिहितात, आम्ही बादलीभरही पाणी वापरत नाही, आम्ही का द्यायचं? शेवटी आमच्या सेक्रेटरी सावंतकाकूंनी लिहिलं, "फ्लॅट विकताना गिऱ्हाइकाला चोवीस तास पाणी म्हणून सांगता ना, मग त्याचे पैसे द्या." तेव्हापासून सिडनी गप्प आहे, न्यू जर्सी वकिलाला विचारतंय. पुढच्या महिन्यात सभेत मतदान आहे. परदेशातल्या मालकांची ऑनलाइन मतं धरायची का, हेही त्याच सभेत ठरेल. माझं मत विचाराल तर, धरू नयेत.