'निवडाय लागल्यात' म्हणजे 'आर सॉर्टिंग'

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. त्यामुळे सहावीत येणाऱ्या मुलांकडे शब्द भरपूर असतात. घोडं अडतं ते वाक्यात. तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी साधा आणि चालू वर्तमानकाळ शिकवताना दोन आठवडे गेले, तरी 'आय ॲम गो टू स्कूल' काही सुटेना. सूत्र सगळ्यांचं पाठ होतं. तोंड उघडलं की पुन्हा तेच.

मग चित्रं घेतली. पहिलं नेटवरून छापलेलं: बाग, झोके, आइस्क्रीमची गाडी. मुलांनी नुसती नावं घेतली. ट्री, बॉय, डॉग. क्रियापद एकाच्याही तोंडून आलं नाही. त्या बागेबद्दल त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतंच.

फेब्रुवारीत आमच्याकडे बेदाण्याची शेडं भरतात. वर्गातल्या कित्येकांच्या आया तिथं कामाला जातात. एका शेडमालकांना आणि तिथल्या बायकांना विचारून फोटो काढला, मोठा करून आणला. जाळीच्या रॅकवर द्राक्षं पसरणाऱ्या दोघी, बेदाणा निवडणाऱ्या चौघी, क्रेट उचलणारा एक जण, रॅकखाली झोपलेलं कुत्रं.

फोटो लावला आणि वर्ग मराठीत सुटला. मी अडवलं नाही. "बाया बेदाणा निवडाय लागल्यात." "त्यो क्रेट उचलाय लागलाय." वाक्यं जशीच्या तशी फळ्यावर घेतली, खाली आणखी एक लिहिलं: "बाया रोज बेदाणा निवडत्यात." फरक काय, विचारलं. वर्षभर इंग्रजीच्या तासाला गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, लागल्यात म्हंजे आत्ता, फोटोत. निवडत्यात म्हंजे शीजनभर."

मी दोन आठवडे सूत्रातून हेच सांगत होते, आणि तो फरक तिच्या बोलीत आधीपासून होता. 'निवडत आहेत' असं पुस्तकी मराठी ही मुलं बोलतच नाहीत, म्हणून माझ्या भाषांतरातून त्यांना काही लागत नव्हतं. 'लागल्यात' असेल तिथं 'आर' आणि क्रियापदाला 'इंग': 'द विमेन आर सॉर्टिंग रेझिन्स.' रोजचं असेल तर 'दे सॉर्ट रेझिन्स एव्हरी डे.' त्या तासाला प्रत्येकानं फोटोतल्या एकाबद्दल दोन्ही वाक्यं म्हटली.

ही जोडी सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. 'पाऊस पडाय लागलाय' यात पाऊस सुरू झाल्याचाही अर्थ येतो. आणि 'मला माहिती हाय' मधल्या 'हाय'मुळे मुलं 'आय ॲम नोइंग' म्हणतात. ते वेगळं बसून घ्यावं लागलं. वर्गात बोली आणली की मुलांची भाषा बिघडते, असं मला दोघातिघांनी ऐकवलं. मला ते अजिबात पटत नाही. जे मूल घरच्या बोलीत बोलायला बिचकतं, ते इंग्रजीत काय बोलणार?

पुढं पाठीला पाठ लावून जोड्या बसवल्या. एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. इंग्रजीत विचारून विचारून तेच चित्र काढायचं. प्रश्न आले ते असे: 'शी इज स्टँडिंग काय?' आपल्याकडे वाक्य तसंच ठेवून शेवटी 'काय' जोडलं की काम झालं. इंग्रजीला जागांची अदलाबदल लागते. तिघांच्या गळ्यात 'शी', 'इज', 'स्टँडिंग' अशा पाट्या अडकवल्या. प्रश्न म्हटलं की पहिल्या दोघांनी जागा बदलायच्या. मैदानात दहा मिनिटं हे केलं. नंतर कुणी चुकलं तर मी नुसती दोन बोटं फिरवून दाखवायचे, मूल स्वतःच वाक्य नीट करायचं. 'अंडर द रॅक'साठीही पाट्याच कामाला आल्या: आपलं 'खाली' रॅकच्या मागून येतं, त्यांचं पुढून.

'अ' आणि 'द' मात्र बराच काळ हलेनात. मराठीत त्यांच्याजागी काही नाहीच, त्यामुळे धरायला बोलीतलं टोकही मिळेना. मी एवढंच सांगत राहिले: पहिल्यांदा भेटतं ते 'अ डॉग', ओळखीचं झालं की 'द डॉग'.

एप्रिलअखेर भूतकाळासाठी त्याच शेडचा फोटो काढला. रॅक रिकामे, माणूस नाही. फळ्यावर लावला आणि मी काही विचारायच्या आत ती शीजनवाली मुलगी उभी राहिली.

"मॅडम, व्हेअर इज द डॉग?"