वजन जास्त असताना गर्भाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया

रुग्णाचे वजन जास्त असेल तर दुर्बिणीपेक्षा पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया सुरक्षित, असा समज सोलापुरात सुशिक्षित घरांतही आढळतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरबाबत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

पाळी गेल्यावरही चरबीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होत राहते आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक नसल्याने अस्तर वाढत जाते. त्यामुळे या कॅन्सरच्या अनेक रुग्ण स्थूल असतात, आणि मधुमेह व रक्तदाबही बऱ्याचदा सोबतीला असतो.

गर्भाशय, बीजनलिका व बीजकोश काढणे ही मुख्य शस्त्रक्रिया. मोठा छेद घेतला तर जाड चरबीतली जखम लवकर भरत नाही, पू होतो, टाके उसवतात. माझ्या मावशीची हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली, तेव्हा तिच्या शेजारच्या खाटेवरील, पोट उघडलेल्या बाईंचे ड्रेसिंग रोज चाले. पोटाची घडी वर धरायला एक सिस्टर आणि औषध लावायला दुसरी. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लेस’ चाचणीत, पहिल्या टप्प्यातील रुग्णांपैकी साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण पोट उघडून ८१.३ टक्के, तर दुर्बिणीने ८१.६ टक्के आले. कॅन्सरवरील परिणाम सारखाच असेल, तर मोठी जखम कशासाठी सोसायची?

अर्थात दुर्बीण सोपी नाही. डोक्याकडची बाजू खाली करून पोटात वायू भरला की फुप्फुसांवर दाब येतो. म्हणून मावशीच्या वेळी भूलतज्ज्ञांनी छेद घेण्यापूर्वीच टेबल तिरके करून तिचा श्वास व ऑक्सिजन तपासून घेतला होता. अशीच तुलना करणाऱ्या अमेरिकेतील ‘लॅप-२’ चाचणीत दुर्बिणीने सुरुवात केलेल्यांपैकी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ४० च्या वर असलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे पोट अखेर उघडावे लागले. रोबोटच्या मदतीने ही वेळ कमी येते, पण माझ्या मते यंत्रापेक्षा सर्जनने अशा रुग्ण किती हाताळल्या आहेत, हे आधी विचारावे. शस्त्रक्रियेनंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून बऱ्याचदा चार आठवडे इंजेक्शने लागतात, तीही घरच्यांनी शिकून घ्यावीत.

भूल झेपणारच नसेल आणि कॅन्सर सुरुवातीचा, सौम्य प्रतीचा असेल, तर प्रोजेस्टेरॉनसारखे औषध सोडणारी तांबी गर्भाशयात बसवून, पुन्हा पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवता येते.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मात्र हे लागू नाही. त्यात २०१८ च्या मोठ्या चाचणीत दुर्बिणीचे निकाल पोट उघडण्यापेक्षा वाईट आले. तेव्हा कॅन्सर मुखाचा की अस्तराचा, हे बायोप्सीच्या रिपोर्टवरून डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे आणि मगच शस्त्रक्रियेचे बोलावे.