जोडी जमल्यावर

थाई भाषेत प्रियकराला ‘फॅन’ म्हणतात. प्रेयसीलाही फॅन, नवऱ्याला फॅन, बायकोलाही फॅन. इंग्रजीतला शब्द उचलला आणि घरात आणून बसवला. आपण सचिनचे फॅन होतो, ते थेट एकमेकांचे होतात. हे ज्ञान मला भाचीने दिलं, 2020 च्या एप्रिलात, आमटीला फोडणी घालता घालता.

तिचं हॉस्टेल मार्चमध्ये बंद झालं आणि नाशिकला घरी जायच्या ऐवजी ती डोंबिवलीत माझ्याकडे अडकली. येताना एक सॅक, दोन चार्जर आणि एक थाई मालिका घेऊन आली. मालिका ‘टुगेदर’, नावातल्या ‘टु’च्या जागी 2 चा आकडा. दोन मुलांची प्रेमकथा. 21 फेब्रुवारीला सुरू झालेली, दर शुक्रवारी एक भाग, एकूण 13. यूट्यूबवर एकेका भागाचे चार तुकडे करून यायचे, म्हणजे भाकरी मोडून दिल्यासारखे. 24 मार्चच्या रात्री आपल्याकडे सगळं बंद झालं तेव्हा पाच भाग होऊन गेले होते. ते आम्ही दोन दिवसांत संपवले आणि सहाव्यापासून वाट बघायला लागलो. आज वार कुठला हे ठाऊक असलेलं आमच्या मजल्यावरचं ते एकमेव घर असावं.

गोष्ट अशी. टाइन नावाचा कायद्याचा विद्यार्थी, स्वतःवर जरा खूशच. त्याच्या मागे ग्रीन नावाचा मुलगा हात धुऊन लागलेला. त्याला कटवायला टाइन कॉलेजातल्या सगळ्यात देखण्या आणि सगळ्यात तुसड्या गिटारवाल्याला, सारावतला, गळ घालतो: माझा खोटा फॅन हो. खोटा साखरपुडा, खोटं लग्न ही आपल्या मालिकांचीही शिळी भाजी, मला काय त्याचं कौतुक! पण जमलं होतं बुवा. तो सारावत तोंडाने टाइनला झिडकारायचा आणि डोळ्यांनी भलतंच काहीतरी बोलायचा. त्यात ‘स्क्रब’ या थाई बँडची गाणी. बँड खरा आहे आणि मालिकेतले हे दोघेही त्याचे (आपल्या अर्थाने) फॅन. मालिकेचं थाई नावही त्यांच्या गाण्याची आठवण करून देणारं, ‘कारण आपण जोडी आहोत’ अशा अर्थाचं. टाइन सदान्‌कदा ब्लू हवाई पितो. निळंजर्द सरबत, लग्नाच्या हॉलच्या दारात देतात तसलं. आम्ही तेही करून पाहिलं, कोकम सरबतात खायचा निळा रंग घालून. जांभळं झालं. प्यायलो.

आणि मग त्यांचं खरंच जमलं.

इथून पुढे काय बिघडलं ते मला नेमकं सांगता येतं, कारण भाचीशी यावर रात्रीचे वाद झालेत. खोट्या प्रेमात असताना ती दोघं एकमेकांना बघायची, जमल्यावर कॅमेऱ्याला बघायला लागली. ‘असा बघत राहिलास तर चुंबून आडवा करीन’ अशी धमकी सारावतने सुरुवातीलाच दिलेली. उधारी वसूल करायची वेळ आली तर दोघं एका खोलीत अशी अवघडून बसली, जसा एखादा स्थळ बघायला आलेला मुलगा पोह्यांची बशी हातात धरून बसतो. गीझरवरून भांडण नाही, ओल्या टॉवेलावरून कटकट नाही, एकाच्या ताटातलं दुसऱ्याने उचललं असं काही नाही. भाची म्हणाली, “मावशी, टीव्हीवर दाखवायचं म्हणून हात आखडलाय.” मला तसं वाटत नाही. आपल्या सोसायटीतल्या जोशीकाका-काकूंनी गेल्या वीस वर्षांत चारचौघांत एकमेकांना बोट लावलं नसेल, तरी जिन्यात ते पुढे आणि त्या दोन पायऱ्या मागे असल्या की कळतं. लेखणीलाच पुढचं सुचलं नव्हतं.

सुचत नसलं की काय करतात? गैरसमज आणतात. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शेवटाकडे पाम नावाची सारावतची जुनी ओळख उगवते. हा विचारत नाही, तो सांगत नाही. एका वाक्यात मिटणारी गोष्ट दोन शुक्रवार पुरवून खाल्ली. वेगळ्या देशातली, वेगळ्या धाटणीची मालिका म्हणून मी कौतुकाने बसले आणि तिथे आपल्याच साडेसातच्या मालिकेतली सूनबाई दाराआडून अर्धवट ऐकत उभी! शेवटचा भाग 15 मे रोजी झाला. आम्ही दोघी जेवलोही न बोलता.

ऑगस्टात पाच भागांची पुरवणी आली. त्यात दोघांना जरा मोकळं सोडलं होतं. पण भाची तोवर नाशिकला गेलेली, आणि एकटीने बघायची ती मालिका नव्हे.

यांच्या सगळ्याच मालिका अशा नसतात, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या वर्षी ‘बॅड बडी’ आली. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन वैरी घरांतली मुलं. त्यांचं मधेच जमतं आणि खरी मजा त्यानंतर सुरू होते. अकराव्या भागात आता भांडणार म्हणून मी उशी घट्ट धरून बसले होते, तर ते भांडलेच नाहीत. मी भाचीला रात्री साडेअकराला फोन केला. तिची परीक्षा होती.

गेल्या वर्षी, म्हणजे 23 जानेवारी 2025 ला, थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला. पहिल्याच दिवशी देशभरात 1,800 च्या आसपास जोडप्यांनी नोंदणी केली. बँकॉकच्या सियाम पॅरागॉन मॉलमध्ये तर सोहळाच होता. आपल्या सुप्रीम कोर्टाने 2023 च्या ऑक्टोबरात अशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा भाचीचा दिवसभर फोन नव्हता. त्या जानेवारीत मात्र सकाळपासून फोटोंवर फोटो. फुलं, पांढरे कोट, रडणाऱ्या आया. एका फोटोत दोन साठीचे गृहस्थ खुर्च्यांवर बसलेले, मांडीवर कागदांची फाइल. एक जण तोंड वाकडं करून काहीतरी पुटपुटत दुसऱ्याची कॉलर सारखी करतोय, आणि दुसऱ्याचं लक्षच नाही, तो पुढे रांग किती आहे ते बघतोय.

मी फोटो मोठा करून पाहिला. कॉलर तरीही वाकडीच होती.