आज आवतण घ्या

बोल्ट तुटायच्या अगदी आधी तो सुटतोय असं वाटतं. हीच त्याची खरी लबाडी. अर्धा तास पाना रेटून जो तसूभर हलत नाही, तो एकाएकी लोण्यातून फिरावा तसा फिरतो. आपण गाडीखालून ओरडतो, "आला, आला!" आणि पुढच्या क्षणी मुंडकं पान्यात, धड आत. आवाजही मोठा होत नाही. वाळली पऱ्हाटी मोडावी तसा. कट्.

नंतर कळलं की त्या लोण्यासारख्या क्षणी आटे सुटतच नव्हते, बोल्टची मानच पिळली जात होती. पण गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

गाडी म्हणजे 2006 ची मारुती 800. सायलेन्सरचा पाईप इंजिनाकडे जिथे जोडलेला असतो तिथलं गॅस्केट, म्हणजे फटीतून धूर निसटू नये म्हणून मधे बसवतात ती चकती, जळालं होतं. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं ते इवलंसं इंजिन थ्रेशरसारखं गरजायला लागलं. मी फाट्यावर असलो की शाळेतली पोरं पाटीवरचं चित्र पुसायची म्हणे. गॅस्केट शंभराच्या आतलं, बोल्ट तीन, दुसऱ्या दिवशी पोळ्याची सुट्टी. एवढ्यासाठी यवतमाळला कशाला जायचं, म्हणून कोठ्यातले बैलगाडीच्या चाकांचे दोन जुने तुंबे, म्हणजे चाकाच्या मधले लाकडी ओंडके, चॅसीखाली उभे केले आणि आत सरकलो.

दोन बोल्ट कुरकुरत आले. तिसऱ्याची हकिकत वर सांगितलीच.

गावात माणूस गाडीखाली शिरला की गाडीभोवती पाय जमतात. मला फक्त पाय दिसत होते, त्यामुळे सल्ला कुणाचा हे चपलेवरून ओळखायचं. प्लास्टिकचे बूट म्हणाले, "डिझल टाका, रातभर राहू द्या." निळी स्लीपर म्हणाली, "काळं कोल्ड्रिंक टाका, मी मोबाईलवर पायलं." अनवाणी पाय काही बोलले नाहीत, पण खाली वाकून माझ्याकडे बघून हसले. तेवढ्यात डोळ्यात जंगाचा कण गेला आणि मी बाहेर आलो.

संध्याकाळी ऑइल आणि डिझेलची पिचकारी घेऊन पुन्हा आत शिरलो. शेजारच्या अंगणात आबाजी बैलांची खांदशेकणी करत होते. कोमट पाणी, हळद, तूप, आणि पळसाच्या पानांनी वशिंडापुढचा घट्टा हळूहळू चोळणं. वर्षभर जू घासून तो खांदा कातड्याच्या चपलेसारखा टणक झालेला असतो. चोळता चोळता ते बैलांच्या कानात नेहमीचं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग कुंपणावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्या बोल्टलेबी द्या नं आवतन. आज आवतन घ्या, उद्या बाहीर या!"

आबाजींची फाट्यावर वेल्डिंगची टपरी आहे. त्यांच्या वडिलांचा भाता होता आणि पंचक्रोशीतल्या बैलगाड्यांच्या धावा तेच चढवायचे. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, फुगली की चाकावर बसवतात आणि घडाभर पाणी ओततात. चर्रर करून ती आकसते आणि सगळे आरे आवळून धरते. हे मी लहानपणी पाहिलं होतं. याच हिशेबानं माझा बोल्टही निघणार, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

"मंग आत्ताच पायता का?" मी विचारलं.

"आज खांदशेकनी, उद्या पोळा. बैलाले सुट्टी अन् मले नाई?"

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे होते तेव्हाही माझं लक्ष गाडीकडे. तीनदा जाऊन डिझेल सोडून आलो. बायको म्हणाली, बैलांना घाला एवढी पुरणपोळी, बोल्टला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं "खोकला-पडसं घेऊन जाय गे मारबत" ओरडत गावाबाहेर पळाली. त्यांच्यामागून आबाजी मशीन घेऊन आले. आधी बॅटरीची वायर काढायला लावली, मग सांडलेलं डिझेल फडक्यानं कोरडं पुसून घेतलं. तुटका तुकडा बिडातून, म्हणजे ओतीव लोखंडातून, अर्धा सूत वर होता. त्यावर त्यांनी एक नवा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून आत टाका भरला. झगझगाट, वास, धूर. नट लाल झाला, मग काळा. त्यांनी खिशातून देव्हाऱ्यातली मेणबत्ती काढली आणि गरम आट्यांवर टेकवली. मेण वितळून कुठल्या कुठे आत शिरलं.

मी पाना लावून सोडायच्या दिशेनं जोर केला. त्यांनी हातावर चापट मारली. "आधी आवळा."

"आवळू?"

"जरासाक आवळाचं, मंग सोडाचं. पुन्हा आवळाचं. जंगाचा चुरा व्हाले पायजे."

लोखंडाचा जंग मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो. बंद आट्यांत ती जागा मिळत नाही, म्हणून तो पाचरीसारखा ठासतो. त्यात सायलेन्सरचं रोजचं तापणं-निवणं आणि आमच्या रस्त्यांचं पाणी. पाव आटा पुढे, पाव मागे. तिसऱ्या-चौथ्यांदा बारीक चिरका आवाज आला, बाजेची दोरी ताणल्यावर येतो तसा. लोण्यासारखं काही वाटलं नाही. शेवटपर्यंत तो कुरकुरत, अडत, एकेक आटा मोजून देत बाहेर आला.

आबाजींनी तो तळहातावर घेतला, चष्मा वर केला. मानेजवळचे आटे ओढून लांबोडके झाले होते.

"हा जंगानं नाई मेला. कोनंतरी लय आवळला होता. कोनं?"

मागच्या पावसाळ्यात सायलेन्सर मीच बसवला होता, पान्याला हातभर पाईप लावून. "गॅरेजवाले असतील," मी म्हणालो.

नवे बोल्ट बसवताना त्यांनी आट्यांना ग्रीस चोपडलं, बोटांनी फिरवत शेवटपर्यंत नेलं आणि पाना मधोमध धरून बेताचा एक झटका दिला. "बस. याहून नाई." मशीनची वायर गुंडाळत ते चहाकडे वळले.

त्यांची पाठ फिरली तसा मी गाडीखाली शिरलो आणि तिन्ही बोल्टांना पाव-पाव आटा अजून दिला.