वरून कडक, तळाशी खडू

गेल्या पावसाळ्यात एक काका आले क्लिनिकला, रिटायर्ड मास्तर, सत्तरीच्या आसपासचे. खालच्या दाढेत दीड वर्षापूर्वी मीच सिमेंट भरलं होतं (म्हणजे कंपोझिट, पण आमच्याकडे दाताच्या रंगाचं ते सिमेंट आणि काळं ती चांदी, एवढंच चालतं). म्हणाले, "मॅडम, दुखत असं नाही, पण दोन दाढांच्या मधे घास अडकतोय आणि गार पाणी लागतंय." वरून बघितलं तर फिलिंग छान होतं, चकाकी टिकलेली, एक्स्प्लोरर (दात तपासायची अणकुचीदार सळी) फिरवला तर टकटक आवाज. एक्स-रे काढला आणि हिरडीच्या बाजूला फिलिंगच्या खाली काळी सावली दिसली. मग उघडलं. वरचा भाग काढताना बरला (ड्रिलच्या टोकाला) चांगलंच झगडावं लागलं, आणि खाली बॉक्सच्या, म्हणजे दोन दाढांच्या मधल्या बाजूला कोरलेल्या खड्ड्याच्या, तळाशी पोचले तर एक्स्प्लोररच्या टोकानी नुसतं दाबलं तरी ओरखडा उठला, खडूसारखा भुगा निघाला. एकाच दातातलं, एकाच सिरिंजमधून आलेलं मटेरियल, वर दगड आणि खाली हे.

काकांना खरं तेच सांगितलं, की त्या वेळी लाईट तळापर्यंत नीट पोचला नाही, मी पुन्हा भरून देते, पैसे नकोत. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण असे दात मी किती भरले असतील हा हिशोब डोक्यात सुरू झाला.

ज्यांना आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कंपोझिट म्हणजे चिकट रेझिन आणि त्यात खच्चून भरलेली काचेची बारीक पूड. रेझिनमधला मुख्य घटक बिस-जीएमए, अमेरिकेत राफेल बोवेन यांनी तो काढला, १९६२ चं पेटंट आहे, आणि आजही बऱ्याच सिरिंजमधे तोच असतो. हे घट्ट व्हायला ठिणगी लागते आणि ती ठिणगी म्हणजे कॅम्फरक्विनोन, नावातच कापूर आहे, कापरापासूनच बनणारा पिवळा पदार्थ. तो ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतो, सोबतच्या अमाइनशी त्याची प्रक्रिया होते, फ्री रॅडिकल तयार होतात आणि सुटे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जायला लागतात. म्हणून आपण तो निळा लाईट मारतो. सत्तरच्या दशकात सुरुवातीला अल्ट्राव्हायोलेट लाईट वापरायचे, तो खोल जात नव्हता आणि डोळ्यांना धोक्याचा होता, मग निळा आला, आधी हॅलोजन बल्बचा आणि आता एलईडी.

आता इथे एक गोष्ट आहे जी कॉलेजमधे परीक्षेपुरती पाठ केली होती आणि नंतर विसरले होते. अगदी उत्तम क्युअर झालेल्या (म्हणजे लाईटने घट्ट झालेल्या) कंपोझिटमधे सुद्धा सगळे जोड पूर्ण होत नाहीत, साधारण ५० ते ७५ टक्केच होतात. तिळाच्या वड्यांचा पाक कसा, गरम आहे तोवर तीळ कुठेही सरकवा, एकदा आळला की जिथे आहे तिथेच, तसं जाळं घट्ट होत गेलं की उरलेल्या रेणूंना हलायलाच जागा राहत नाही. लाईट बंद केल्यावरही पुढचे काही तास, दिवसभर म्हणा, थोडी थोडी प्रक्रिया चालू राहते, पण ती जिथे मुळात ठिणगी पडली तिथेच. तळाशी प्रकाशच कमी पोचला तर तिथे जाळं विरळ राहतं, पाणी शोषतं, सुटे रेणू बाहेर झिरपतात, बाँडिंग (दाताशी चिकटणं) कच्चं राहतं आणि फटीतून कीड आत शिरते. आणि हे वरून दिसत नाही! आपण एक्स्प्लोररने वाजवून बघतो तो वरचा अर्धा मिलिमीटर असतो, जो कुठल्याही टॉर्चसारख्या लाईटखालीही कडक होईल.

प्रकाश खाली जाताना झपाट्याने कमी होतो, काचेच्या कणांवर विखुरतो, रंगद्रव्यात शोषला जातो, त्यामुळे गडद शेड असेल तर अजूनच कमी. म्हणूनच २ मिमीचे थर घालायला शिकवतात. बल्क-फिल, म्हणजे एकदम जाड थर भरायची मटेरियल जास्त पारदर्शक असतात, कंपन्या ४-५ मिमीचा दावा करतात, आणि तो खराही असतो, पण लाईट चांगला असेल तर.

तर दुसऱ्या दिवशी आधी लाईटच तपासला. ओळखीच्या डॉक्टरांकडून रेडिओमीटर (प्रकाशाचा जोर मोजायचं यंत्र) आणला. घेताना माझ्या लाईटला १००० मिलिवॅटच्या वर दाखवत होतं, आता ४३०. टोक नीट बघितलं तर काचेवर कंपोझिटचा पापुद्रा चिकटून वाळलेला, आणि वर प्लास्टिकचं कव्हर चढवतो त्याची शिवण बरोबर मधोमध. पापुद्रा ब्लेडने हळूच काढला, कव्हर नीट ताणून बसवलं, ८९० आलं. हिशोब सोपा आहे, मिलिवॅट गुणिले सेकंद. १००० चा लाईट २० सेकंद म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ज्यूल, माझे पडत होते साडेआठ, आणि २ मिमीच्या थराला पुस्तकात साधारण १६ चा आकडा वारंवार येतो. शिवाय रेडिओमीटरवर टोक टेकवलेलं असतं, दाढेच्या बॉक्समधे तळ ६-७ मिमी लांब असतो, आणि काही लाईटचा झोत तेवढ्या अंतरात निम्म्यावर येतो.

मग कंपोझिट किती खोलपर्यंत घट्ट होतं ते बघायला मी खरवडायची टेस्ट करायची ठरवली. आयएसओ ४०४९ या फिलिंगच्या मटेरियलच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधली आहे आणि मला ती फार आवडते कारण तिला काहीही महाग लागत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून ४ मिमी भोकाच्या स्टीलच्या नळीचा ८ मिमीचा तुकडा कापून आणला, कडा घासून घेतल्या. आत अगदी पुसटसं व्हॅसलीन, खाली मायलर स्ट्रिप (पारदर्शक प्लास्टिकची पट्टी) आणि काचेची स्लॅब, नळी कंपोझिटने गच्च भरायची, वर परत स्ट्रिप, आणि वरून लाईट. मग ढकलून बाहेर काढायचं, खालचा कच्चा भाग प्लास्टिकच्या स्पॅच्युलाने खरवडून टाकायचा, उरलेली कांडी व्हर्नियरने मोजायची आणि २ ने भागायचं. हे भागणं महत्त्वाचं आहे! कारण उरलेल्या कांडीचा खालचा भाग हाताला घट्ट लागला तरी तो नीट शिजलेला नसतो, तो फक्त खरवडला जात नाही एवढंच.

साफ केलेला लाईट टेकवून २० सेकंद, ए-२ शेड (दाताच्या रंगाची फिकट छटा), कांडी ५.२ मिमी, म्हणजे खोली २.६. तोच लाईट ७ मिमी वर धरला तर १.९. आणि मग माझ्या असिस्टंटला म्हणलं, आपण रोज धरतो तसा धर, म्हणजे शेवटच्या दाढेला धरतो तसा, थोडा तिरका, मान वळवून. १.३. आम्ही दोघी त्या कांडीकडे बघतच राहिलो. स्टँडर्डप्रमाणे साध्या शेडला किमान १.५ लागतात.

हा हाताचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. निळा प्रकाश डोळ्यात जातो म्हणून आपण नजर फिरवतो, आणि नजर फिरली की २-३ सेकंदात हात सरकतो, टोक शेजारच्या दाताकडे जातं, आणि आपल्याला पत्ताच नसतो. कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात रिचर्ड प्राइस यांनी यावरच काम केलंय, पुतळ्याच्या दातात सेन्सर बसवून प्रत्येकाच्या हाताने दाताला खरोखर किती ऊर्जा मिळते ते मोजायचं, आणि एकाच लाईटने वेगवेगळ्या लोकांचे आकडे कितीतरी वेगळे येतात. त्यामुळे पहिली खरेदी केली ती नारिंगी चष्म्यांची, माझा एक, असिस्टंट ताईंचा एक. आता आम्ही टोकाकडे सरळ बघतो, पूर्ण २० सेकंद, दुसऱ्या हाताने लाईट टेकवून.

बॉक्सच्या तळाच्या पहिल्या थराला आता ४० सेकंद देते, मधे थांबून हवा मारते कारण त्या लाईटने दात तापतो आणि आतली नस जिवंत असते. मॅट्रिक्स बँड (भरताना दाताभोवती लावलेली पट्टी) काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूने परत २०-२०. ३ सेकंदात क्युअर वाल्या जाहिराती येतात, ते ज्या मटेरियलसाठी खास बनवलंय त्याच्यासाठी ठीक असेल, कुठल्याही सिरिंजला मी तो नियम लावणार नाही, माझ्या पेशंटच्या दातावर तर नाहीच.

काकांची दाढ परत भरली तेव्हा पाऊण तास लागला. विचारलं, "मागच्या वेळी एवढा वेळ नव्हता लागला ओ." म्हणलं, "काका, तेव्हाच लागायला हवा होता." त्यांनी मान डोलावली, काही बोलले नाहीत. सहा महिन्यांनी एक्स-रे काढलाय, कडा स्वच्छ आहे.

जवळपासच्या दोन ज्युनियर त्यांचे लाईट घेऊन येऊन गेल्या मागच्या रविवारी. एकीचा २.४ निघाला, दुसरीचा १.१, आणि तिचा लाईट दिसायला अगदी नवा कोरा. चार्ज पूर्ण करून परत केलं तर १.८ आला, म्हणजे बॅटरी उतरली की तिच्या मशीनचा प्रकाशही उतरतो, आणि मशीनवर तसं काही दिसत नाही. या रविवारी ए-४ ही गडद शेड आणि एक बल्क-फिल घेऊन बसणार आहोत, आकडे इथेच टाकते. आपला लाईट आणून बघायचा असेल तर सकाळी दहाच्या आत या, नळी एकच आहे.