सलाईनमध्ये थेंब पडत नाही

माझी मावशी सरकारी रुग्णालयातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाली. आता संध्याकाळच्या मालिका ती अगदी मनापासून बघते. नायिकेची हुबेहूब जुळी बहीण कुठून तरी उगवली, मेलेली सासू प्लास्टिक सर्जरी करून परतली, डोक्याला दुसरा मार बसल्यावर पहिल्या माराने गेलेली स्मृती परत आली, तरी तिची तक्रार नसते. पण आयसीयूचा प्रसंग लागला की ती चष्मा पुसून पुढे सरकते. "अगं, सलाईन बघ. बाटली टांगलीय, नळी लावलीय, पण चेंबरमध्ये थेंब कुठे पडतोय?" खरंच पडत नसतो. एकदा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि "आता सगळं देवाच्या हातात" म्हणाले. फिल्म उलटी धरलेली, हृदयाची सावली भलत्याच बाजूला. मावशी म्हणाली, "देवाच्याच हातात द्या, तुमच्या नको."

हीच मावशी १९७७चा 'अमर अकबर अँथनी' कितीही वेळा बघू शकते. त्यात तीन भाऊ एका रांगेत झोपून एकाच वेळी आईला रक्त देतात. तिघांच्या हातांतून नळ्या निघतात, रक्त वर चढतं, एका बाटलीत एकत्र होतं आणि तिथून खाली आईच्या हातात जातं. प्रत्यक्षात रक्तदात्याची पिशवी हाताच्या खालच्या पातळीवर ठेवतात, कारण शिरेतल्या रक्ताला असं उंच चढायचा जोर नसतो. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, आणि एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांच्या तपासण्या झाल्याशिवाय ते कोणाला देत नाहीत. पण मनमोहन देसाईंच्या त्या प्रसंगाला हे सगळं सांगत बसणं म्हणजे दशावतारातल्या राक्षसाकडे आधार कार्ड मागण्यासारखं आहे. पुढे त्याच आईला साईबाबांच्या मंदिरात दृष्टी येते. थाप एवढी मोठी की तिच्यावर विसंबून कोणी काही करणार नाही.

माझा राग आहे तो खऱ्यासारख्या दिसणाऱ्या लहान थापांवर. उदाहरणार्थ, रक्तगट जुळला म्हणजे मूल त्याचंच, हे मालिकांनी घराघरांत पक्कं केलंय. रक्तगटावरून 'हा बाप असू शकत नाही' एवढंच फार तर सांगता येतं. 'हाच बाप' असं नाही. गट जुळणारे लोक तर लोकलच्या एका डब्यात शेकड्यांनी सापडतील. आणि रक्ताचंच नाट्य हवं असेल तर ते परळला तयार आहे. १९५२ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो 'बॉम्बे' रक्तगट जगासमोर आणला, त्याचा माणूस साध्या चाचणीत 'ओ' दिसतो. पण त्याला ओ रक्त चालत नाही. त्याच्या शरीरातली प्रतिद्रव्यं त्यावरही तुटून पडतात. त्याला त्याच दुर्मीळ गटाचा दाता लागतो. सख्खा मुलगा शेजारी बाही वर करून उभा असतानाही त्याचं रक्त आईला बहुधा चालणार नाही! एवढं हातात असताना आमचे लेखक अजून "ओ निगेटिव्ह कुठेच मिळत नाहीये"वरच अडलेत.

मॉनिटरवरच्या सरळ रेषेचंही तेच. टूं असा लांब आवाज येतो, डॉक्टर शॉक देतात, रुग्ण गादीवरून उसळतो आणि रेषा पुन्हा नाचू लागते. शॉक असतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असताना, ती थरथर थांबवायला. सरळ रेषेला शॉकचा उपयोग नाही. तिथे छाती दाबणं आणि औषधं. तेही मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल. पडद्यावर कोपर वाकवून हळूच दाबतात, त्यात मात्र मी नटाला दोष देणार नाही. जिवंत माणसाची छाती तेवढी दाबली तर बिचाऱ्याच्या बरगड्या जातील. पण निकाल तरी खरा दाखवा. १९९६मध्ये अमेरिकी मालिकांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यात पडद्यावरचे सुमारे ७५ टक्के रुग्ण छाती दाबल्यावर लगेच सावरत होते. खऱ्या वॉर्डात असं घडत नाही, आणि मग नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात.

सगळ्यात वाईट थाप सापाची. नायिकेच्या पायाला साप चावतो, नायक चाकूने चीर देतो, तोंडाने विष ओढतो, थुंकतो, वर दुपट्टा करकचून बांधतो. भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८,००० माणसं मरतात असा अंदाज आहे, आणि यातली एकही गोष्ट त्यांना वाचवणारी नाही. घोणस चावली असेल तर रक्त गोठेनासं होतं. तिथे चीर देणं म्हणजे न थांबणारी जखम करून ठेवणं. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही. पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो आणि पापण्या जड व्हायला लागतात. उपाय एकच, हातपाय न हलवता दवाखाना आणि प्रतिविष.

दवाखान्यात पुढे काय होतं ते मावशीने सांगितलं. रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं नळीला अजिबात हात लावायचा नाही. मग ती तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर घोणशीपुरतं तरी सध्या ठीक, पातळच वाहिलं तर विष भिनलंय. "ती वीस मिनिटं बाहेर घरचे, आत आम्ही, सगळ्यांचे डोळे त्या नळीवर," ती म्हणाली. मालिकेत एक भाग यावरच निघेल, जाहिराती धरून. पण लेखकमंडळी नायकाला विष चोखायला लावून मोकळी होतात, आणि दुसऱ्या दिवशी नायिका हळदीला उभी राहते.